धडधडत्या छातीनं वाचायचं

मंदाताई पांढरीपांडे यांच्याइतकी भित्री बाई मी दुसरी पाहिलेली नाही. आमच्या कॉलेजचा जिना चढताना त्या प्रत्येक वळणावर थांबत आणि खालच्या माणसाला विचारत, "मागून कोणी पळत तर नाही येऊन राहिलं ना?" लिफ्टमध्ये त्या कधी पाऊल ठेवत नसत. ऑटोत बसल्या की बहिणीला फोन लावून, ड्रायव्हरला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं गाडीचा नंबर सांगत. स्टाफरूममध्ये कुणी बिस्किटांचा पुडा फोडला की आधी तो उलटा करून तारीख वाचत आणि मग अर्धं बिस्किट घेत. संक्रांतीला आमच्या एका मॅडमनी घरी केलेले तिळाचे लाडू आणले, तेव्हा वाचायला काहीच नसल्यामुळे मंदाताईंची फार पंचाईत झाली होती.

आम्ही त्यांना हसायचो. मी तर जरा जास्तच. मी मूळचा इंदूरचा, औषधांच्या दुकानात काही वर्षं काढून मग मास्तर झालेला, आणि थट्टा हा आमच्या घराण्याचा जुना रोग आहे. पण त्यांच्याबद्दल लिहायला बसलो तर हसू काही येत नाही.

भोपाळच्या जवाहर चौकाच्या मागच्या गल्लीत आमचं कम्युनिटी कॉलेज. दहावी-बारावीला अडलेली मुलंमुली इथे वर्षभरात एखादं कसब शिकतात आणि कामाला लागतात. कुणी इलेक्ट्रिशियन, कुणी अकाउंटचं, कुणी पार्लरचं. माझ्याकडे रुग्णसेवेचा कोर्स. घरी पडून असलेल्या आजाऱ्याला उठवायचं कसं, पुसायचं कसं, गोळ्या वेळेवर कशा द्यायच्या, हे मी शिकवतो. मंदाताई ग्रंथपाल. त्यांचे वडील राज्याची कचेरी नागपूरहून भोपाळला हलली तेव्हा फायलींबरोबर आले ते इथलेच झाले. मंदाताई जन्मानं भोपाळच्या, पण बोलण्यात नागपूर घट्ट. पोरांना 'पांढरीपांडे' म्हणता येत नसे, म्हणून त्या सगळ्यांच्या 'पांडे मैडम' झाल्या. त्यांनी ते कधी दुरुस्त केलं नाही.

टाइमटेबलवर लायब्ररीचा एक तास असे. मुलं वर जात, पंख्याखाली बसत आणि झोपत. मंदाताईंनी ते काही दिवस पाहिलं आणि मग थेट माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"सर, तुमच्या तासातला थोडा तुकडा द्या मला."

"आणि माझ्या पोर्शनचं काय?"

"तुमचा पोर्शनच शिकवते मी. फक्त तो खरा आहे का, तेवढं विचारते."

मी तुकडा दिला, कारण नाही म्हटलं असतं तर त्या तिथेच उभ्या राहिल्या असत्या. त्या दिवशी मी तापाबद्दल शिकवत होतो. एक मुलगी म्हणाली, तिनं व्हिडिओत पाहिलंय, ताप आलेल्याला ब्लँकेटमध्ये घट्ट गुंडाळायचं, घाम निघाला की ताप निघाला. मंदाताईंनी तिला चूक म्हटलं नाही. सगळ्यांना फोन काढायला लावले आणि फळ्यावर हिंदीत तीन ओळी लिहिल्या : कहाँ लिखा है, किसने लिखा है, कब लिखा है. अर्ध्या तासात वर्गाला कळलं की तो व्हिडिओ ज्यानं केला, तो ब्लँकेटं विकतो. मुलं हसली. मंदाताई हसल्या नाहीत. त्या मला हळूच म्हणाल्या, "आणि हिनं एखाद्या लेकराला गुंडाळलं असतं तर, सर?"

मग त्या सगळ्यांच्याच तासांत शिरू लागल्या. इलेक्ट्रिशियनच्या मुलांनी घरच्या वायरिंगचा एक व्हिडिओ आदर्श मानला होता. मंदाताईंना विजेतलं काही कळत नव्हतं, उलट त्या बटणसुद्धा रुमालानं दाबत. त्यांनी एवढंच विचारलं की हा माणूस कुठल्या देशातला आहे आणि तिथली वीज आपल्यासारखीच आहे का. मुलांनी शोधलं तर तिथे विजेचा दाब आपल्या जवळपास निम्मा. त्या हिशेबाचं सामान इथे बसवलं असतं तर काय झालं असतं, हे शिकवणाऱ्या सरांनी सांगितलं आणि मंदाताई भिंतीला टेकून खाली बसल्या. त्यांना पाणी द्यावं लागलं. पोरं घाबरली ती व्हिडिओला नव्हे, त्यांच्या चेहऱ्याला. पण त्या दिवसापासून ती मुलं व्हिडिओ पाहताना आधी देश विचारू लागली.

एकदा माझ्या एका विद्यार्थ्यानं मधुमेहावरच्या टिपणात एका पुस्तकाचा हवाला दिला. पुस्तकाचं नाव होतं, लेखकाचं होतं, पानसुद्धा होतं. त्यानं ते फोनमधल्या त्या उत्तरं देणाऱ्या ॲपला विचारून लिहिलं होतं. मंदाताई अख्खी दुपार ते पुस्तक शोधत राहिल्या. संध्याकाळी माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांचे ओठ कोरडे पडले होते.

"सर, हे पुस्तकच नाही. हा लेखक पण नाही. कोणी लिहिलंच नाही हे."

"चुकलं असेल नाव," मी म्हणालो.

"चुकलेलं नाही. मी आजपर्यंत खोटं बोलणाऱ्याला भ्यायची. इथे तर कोणी बोललंच नाही आणि तरी सगळ्यांना ऐकू येऊन राहिलं." त्या दाराकडे बघत होत्या, जणू तो न लिहिणारा लेखक तिथे येऊन उभा राहील. मला थट्टा सुचली होती, पण ती मी गिळली. घरी जाताना स्कूटरवर मला उगीचच मागे वळून बघावंसं वाटलं.

त्यांचं एक मत होतं आणि ते त्या वारंवार सांगत. शांत बसून तपासणं कुणालाही येतं. माणूस चुकतो तो घाबरलेला असताना. छाती धडधडत असली की अक्षरं दिसतात पण वाचता येत नाहीत. तेव्हा शिकवायचं असेल तर धडधडत्या छातीनं वाचायला शिकवलं पाहिजे. मत बरोबर होतं. पण त्यावरून त्यांनी जे केलं त्याची आठवण मला अजून नकोशी वाटते.

एका सकाळी त्या माझ्या वर्गात एक नोटीस घेऊन आल्या आणि वाचली. या वर्षीच्या रुग्णसेवेच्या प्रमाणपत्रांना मान्यता मिळणार नाही, विद्यार्थ्यांनी नोंद घ्यावी. मलाही त्यांनी आधी सांगितलं नव्हतं. वर्गात रडारड सुरू झाली. मंदाताई फळ्याजवळ थांबून वाट पाहत होत्या, की कुणीतरी विचारेल, हे कुठे लिहिलंय, खाली सही कुणाची आहे. खाली सहीच नव्हती. कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही, मी प्राचार्यांकडे निघालो होतो. तेव्हा त्यांनी सांगितलं की नोटीस खोटी आहे आणि हा धडा आहे. मुलं चिडली, काही जणी हसल्या, आणि सगळ्यांनी सुस्कारा टाकला. पण पहिल्या बाकावरची रजनी तोवर निघून गेली होती.

रजनी कोलार रोडच्या टोकाला, कॉलन्या संपतात त्याच्या पुढच्या गावातली. बोलायची कमी. वडिलांचा दुधाचा धंदा. तिचं लग्न त्यांनी एका बोलीवर थांबवलं होतं : वर्षाचा कोर्स होऊ दे, कागद मिळाला तर नोकरी, नाही मिळाला तर सासर. तिनं घरी जाऊन खरं ते सांगितलं, की कागद मिळणार नाही. नंतर तिचा फोन बंद झाला, आणि ती कॉलेजला आलीच नाही.

मंदाताई माझ्या स्कूटरवर मागे बसून तिच्या घरी गेल्या. ज्या बाईनं स्कूटरवर कधी पाय ठेवला नव्हता, तिनं माझा शर्ट दोन्ही हातांनी धरला होता. निघताना "ब्रेक कधी तपासले?" असं मात्र विचारलं. गावात शिरलो तर रजनीच्या अंगणात खुर्च्या मांडलेल्या होत्या. मुलाकडचे येऊन गेले होते, दिवस ठरायचा राहिला होता.

मंदाताईंनी तिच्या वडिलांपुढे हात जोडले. म्हणाल्या की ती नोटीस खोटी होती, शिकवण्यासाठी मीच लिहिली होती, पोरीचा कागद कुठे जात नाही. वडिलांना राग आला नव्हता. त्यांना खरंच समजत नव्हतं.

"पढ़ी-लिखी औरत झूठ क्यों लिखेगी?"

आत दाराशी रजनी उभी होती. मंदाताई तिच्याजवळ गेल्या आणि तिची माफी मागितली, सगळ्यांसमोर, आणि मग अंगणातल्या त्याच खुर्चीवर बसून राहिल्या. संध्याकाळ व्हायला आली तरी उठेनात. शेवटी वडील म्हणाले, ठीक आहे, कोर्स पुरा होऊ दे, मग बघू.

त्यानंतर त्यांनी वर्गात खोटं कधी आणलं नाही. मुलांची छाती धडधडायला हवी हा हट्ट मात्र सोडला नाही, म्हणून त्या आपलीच गोष्ट सांगू लागल्या. ती मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा वर्गाच्या शेवटच्या बाकावर बसलो होतो.

चौऱ्याऐंशीच्या थंडीत कारखान्यातून गॅस सुटली, तेव्हा मंदाताई शाळेच्या शेवटच्या वर्गात शिकत होत्या. घर टी. टी. नगरात, वारा त्यांच्या बाजूला नव्हता, ते वाचले. पण नंतर काही दिवसांनी शहरात बोललं जाऊ लागलं की कारखान्यात गॅस उरली आहे आणि ती पुन्हा सुटणार. एका सकाळी शेजारचे धावत आले, सुटली म्हणाले. वडिलांनी बायकोमुलांना गोळा केलं आणि रस्त्यावर जो ट्रक मिळाला त्यात चढवलं. घरात वडिलांची थोरली बहीण होती, विधवा, दोन्ही पायांनी लुळी. ट्रकमध्ये तिला उचलून घ्यायला ना जागा होती ना वेळ. वडील तिला म्हणाले, आक्का, मी लगेच परत येतो. तिच्याजवळ पाण्याचा माठ ठेवला आणि दार ओढून घेतलं.

ते सगळे नागपूरला पोचले. लगेच परत येणं झालं नाही. आले तेव्हा शहर जागेवर होतं, गॅस सुटलीच नव्हती. आत्या दाराशी होत्या. फरशीवरून खुरडत त्या तिथवर आल्या होत्या, नेसूचं लुगडं सोडून त्यांनी दाराखालची फट बुजवली होती आणि त्याचाच ओला पदर तोंडावर धरून बसल्या होत्या. त्यांच्या लेखी गॅस आलेली होती आणि सगळे त्यांना सोडून गेले होते. त्या पुढे पुष्कळ वर्षं जगल्या, पण भावाच्या हातचं पाणी प्यायल्या नाहीत.

"किसी ने पूछा ही नहीं कि किसने देखा," मंदाताई वर्गाला म्हणाल्या. "मैं भी बड़ी थी. पूछ सकती थी. मैं ट्रक में सबसे पहले चढ़ी."

रजनी पहिल्या बाकावर होती. तास संपल्यावर बाकीच्या गेल्या तरी ती बसून होती, आणि मग तिनं फळा पुसून दिला.

रिटायर झाल्यावर मंदाताई साकेत नगरातल्या आपल्या फ्लॅटमध्येच राहिल्या. तो फ्लॅट त्यांनी मुद्दाम मोठ्या हॉस्पिटलच्या शेजारी घेतला होता. लोकांना ॲम्ब्युलन्सचा आवाज आला की धस्स होतं, यांना बरं वाटायचं. म्हणायच्या, "जवळ आहे म्हणून तर ऐकू येते." लग्न केलं नव्हतं. भाऊ आणि वहिनी नागपूरला. आणि मग ज्याला त्या आयुष्यभर भ्याल्या, ते झालं. एका सकाळी पक्षाघाताचा झटका आला, चहाचा कप हातातून पडला आणि उजवा पाय उचलेना. हॉस्पिटल खरंच जवळ होतं म्हणून थोडक्यात निभावलं. पाय मात्र पूर्ण परत आला नाही, चाकांची खुर्ची लागली.

डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवणारी गोळी दिली. ती रोज घ्यायची, आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो हे पाहण्यासाठी मधूनमधून तपासणी करायची. घरी मदतीला माणूस हवं होतं. त्यांनी मला फोन केला तेव्हा मी काही नावं सुचवली, पण त्यांनी आधीच ठरवलं होतं. रजनीनं कोर्स पुरा केला होता, कागद मिळवला होता आणि एका एजन्सीतर्फे घरोघरी काम करत होती. लग्न अजून थांबलेलंच होतं. मंदाताई म्हणाल्या, "तीच हवी. ती खरं सांगते."

मी आठवड्यातून एकदा जायचो. एका दुपारी दार रजनीनं उघडलं आणि मला जिन्यातच थांबवलं. तिचा चेहरा उतरलेला होता. तिच्या मुठीत गोळ्या होत्या, पांढऱ्या, काही ओल्या होऊन विरघळलेल्या. तुळशीच्या कुंडीतल्या मातीत सापडल्या होत्या.

"सर, मैडम गोली नहीं खा रहीं. मुँह में रखती हैं, फिर निकाल देती हैं. मेरे सामने पानी पीती हैं." तिला रडू येत होतं. "दूसरा झटका आ गया तो लोग मेरे को ही पकड़ेंगे. मेरे को छुड़वा दो, सर. मैं कल से नहीं आऊँगी."

मला तिचं बोलणं पटलं आणि त्यानंच भीती वाटली. आत गेलो. मंदाताई खुर्चीत होत्या, फोन मांडीवर. त्यांनी मला मेसेज दाखवला. नागपूरच्या वहिनीनं पाठवलेला. ही गोळी घेणाऱ्यांच्या डोक्यात रक्तस्राव होतो, डॉक्टर लपवतात, अमुक काढा घ्या, पुढे पाठवा. कुणाचं नाव नाही, तारीख नाही. ज्या बाईनं आमच्या अख्ख्या कॉलेजला तीन प्रश्न शिकवले, तिनं त्यातला एकही विचारला नव्हता.

"मंदाताई, अहो हे तुम्ही—"

"मला माहीत आहे सर. सगळं माहीत आहे. पण रात्री गोळी हातात घेतली की मला ते रक्त दिसतं. काय करू? नाही वाचता येऊन राहिलं मला."

माझ्याकडे सांगण्यासारखं बरंच होतं. औषधांच्या दुकानात उभा राहिलेला माणूस मी. पण त्या माझं ऐकत नव्हत्या, माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत होत्या, जिथे रजनी उभी होती. आमचं जिन्यातलं बोलणं त्यांनी ऐकलं असावं.

"जा तू," त्या रजनीला मराठीतच म्हणाल्या. "घाबरलेल्या माणसानं थांबू नये. मी कोणाला दोष नाही देणार."

रजनीला मराठी बऱ्यापैकी कळायचं. ती गेली नाही. खोक्यातला गोळीबरोबरचा घडी घातलेला बारीक अक्षरांचा कागद काढून ती त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली आणि बोट ठेवत वाचू लागली. इंग्रजी तिला सावकाश येत असे. आणि एका ओळीवर ती थांबली. रक्तस्राव होऊ शकतो, असं तिथे खरंच लिहिलं होतं. मला वाटलं, झालं, आता संपलं. वहिनीचा मेसेज अर्धा खरा होता.

रजनीनं ते लपवलं नाही. "लिखा है, मैडम," ती म्हणाली. "कंपनी ने ही लिखा है. छुपाया नहीं है. और ये भी लिखा है कि जाँच कराते रहो, इसीलिए जाँच है. गोली छोड़ने का कहीं नहीं लिखा. मैं भी डर रही हूँ. चलो, जाँच करा के डॉक्टर से पूछ लें, दोनों."

मंदाताईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "चल."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो, त्या दोघी ऑटोनं, मी मागून स्कूटरवर. तपासणीचं ते केंद्र कोलार रोडवर एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर आहे. खुर्ची असल्यामुळे लिफ्टशिवाय इलाज नव्हता, आणि मंदाताईंनी डोळे मिटून, रजनीचं मनगट घट्ट धरून ती पहिली लिफ्ट सोसली. त्यांना वर सोडून मी स्कूटर नीट लावायला खाली आलो.

स्टँड लावत होतो तेवढ्यात वरून आरडाओरडा ऐकू आला. मग जिन्यातून माणसं यायला लागली, आधी दोन-चार, मग लोंढा. बाया, म्हातारे, दंडाला कापूस धरलेले लोक. एकच शब्द कानावर येत होता. गैस. गैस लीक.

दुसऱ्या कुठल्या शहरात हा शब्द ऐकून लोक काय करतात मला माहीत नाही. इथे लोक विचारत नाहीत. समोरचा फळवाला गाडी सोडून पळाला. कुणीतरी शटर ओढलं. मी जिन्याकडे धावलो पण वर चढणं शक्य नव्हतं, माणसं अंगावर येत होती, एक आजोबा पायरीवर घसरून पडले आणि त्यांचा खांदा निखळला. मी त्यांना ओढून बाजूला घेतलं. लिफ्टचं दार बंद होतं आणि आकडा वरच अडकला होता. वर एक बाई आहे जिला चालता येत नाही आणि तिच्याबरोबर कालच काम सोडायला निघालेली एक पोरगी आहे, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं. उतरणाऱ्या प्रत्येक चेहऱ्यात मी रजनीला शोधत होतो, आणि ती दिसू नये म्हणून देवाची विनवणी करत होतो. लोंढा संपला. ती त्यात नव्हती.

मी वर गेलो. नाकाला झोंबणारा तीव्र वास होता. हॉलमध्ये चपला विखुरल्या होत्या, खुर्च्या आडव्या पडल्या होत्या, काउंटरवरचा फोन वाजत होता आणि उचलायला कुणी नव्हतं. टोकाची खिडकी सताड उघडी होती. तिच्याशी मंदाताईंची खुर्ची लावलेली होती. रजनीनं आपली ओढणी पाण्यात भिजवून तिचं एक टोक त्यांच्या नाकाला लावलं होतं आणि दुसरं स्वतःच्या. दोघी खोकत होत्या.

झालं होतं ते असं. सफाई करणाऱ्या बाईनं संडासात ॲसिड ओतलं, वास जावा म्हणून त्यावर ब्लीचिंग पावडर टाकली, आणि धूर निघाल्यावर ती ओरडत बाहेर आली. पहिल्यानं ऐकलं ते दुसऱ्याला सांगितलं. सगळे पळाले. मंदाताई रजनीला ओरडून सांगत होत्या, पळ, तू पळ. रजनीनं खुर्चीची मूठ सोडली नाही आणि पळणाऱ्या प्रत्येकाला विचारत राहिली, किसने देखा, कहाँ देखा. कुणी थांबेना. शेवटी त्या सफाईवाल्या बाईनंच बोटानं दाखवलं. रजनी श्वास रोखून गेली, संडासाचं दार ओढून घेतलं आणि खुर्ची ढकलत खिडकीशी आणली.

हे मला मंदाताईंनी सांगितलं, तुकड्यातुकड्यांनी, खोकत. मध्येच थांबून म्हणाल्या, "सर, ती परत आली. आत गेली तेव्हा वाटलं, गेली. पण परत आली ती." आणि त्या रडल्या. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. मलाही रडू आवरलं नाही. घाबरलो होतो म्हणून असेल, आणि तसंच असलं तरी चालेल.

वास ओसरला, माणसं लाजत परत आली, चपला शोधू लागली. तपासणी झाली. संध्याकाळी डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, गोळ्या चुकल्याचं त्यातून उघड दिसत होतं, आणि ते मंदाताईंना बरंच बोलले. पण ते नंतरचं. त्या केंद्रातच, रक्त दिल्यावर, त्यांनी रजनीकडे पर्स मागितली. आदल्या रात्रीची गोळी त्यांनी पर्समध्ये जपून ठेवली होती. ती काळजीनं तळहातावर घेतली आणि फोन लावून डॉक्टरांना विचारलं, आता घेऊ का. त्यांनी आताची वेळ नाही, रात्री नेहमीच्या वेळेला घ्या म्हटलं. "रात्री मग," त्या रजनीला म्हणाल्या. "तुझ्यासमोर. जीभ वर करून दाखवीन."

पुढच्या आठवड्यात माझ्या घरी लग्न होतं, म्हणून मला त्यांच्याकडे जाता आलं नाही. तेवढ्यात नागपूरहून भाऊ-वहिनी आले आणि त्यांना घेऊन गेले. आता त्या तिकडे आहेत, फोनवर बोलतात, आणि गोळी रोज घेतात. रजनीनंही बरोबर जायचं कबूल केलं, काही महिन्यांसाठी म्हणून. वडिलांना तिनं स्वतःच सांगितलं.

त्यामुळे आमची शेवटची भेट त्याच दिवसाची, आणि त्यातलं लक्षात राहिलं ते त्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरचं, लिफ्टच्या दारातलं. रजनीनं खुर्ची आत घेतली. मी आत यायला निघालो तर मंदाताईंनी हात आडवा केला.

"तुम्ही जिन्यानं या सर. वजन वाढते."

"अहो, सहा माणसांची लिफ्ट आहे."

"कुठे लिहिलंय?"

रजनीनं भिंतीवरच्या पाटीकडे मान वळवली. पाटी घासून पुसट झाली होती. तिनं वाकून, बोट ठेवून, एकेक अक्षर लावत वाचलं. माणसं किती, वजन किती, तपासणी कुणी केली. तपासणीची तारीख आली तेव्हा ती थांबली, कारण ती तारीख उलटून गेली होती. मंदाताईंनी ते ऐकलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग जिन्याकडे, मग आपल्या पायांकडे.

"दबा दूँ, मैडम?" रजनीनं विचारलं.

मंदाताईंनी डोळे मिटले आणि तिचं मनगट धरलं. "मेरा हाथ छोड़ना मत. दबा." आणि दार बंद झालं.

मी जिन्यानं धावत सुटलो, पण त्या माझ्या आधी खाली पोचल्या होत्या.